मग भाकरी कुणी थापली?

आमच्या आक्काचं एकाही राजाशी पटत नाही.

खऱ्या राजांबद्दल मी बोलत नाही. कोल्हापुरात राहून त्यांच्याशी पटेनासं झालं, तर माणसाला बिऱ्हाड उचलावं लागेल. तिचं वैर आहे ते गोष्टीच्या पुस्तकातल्या राजांशी. 'एक होता राजा. त्याने गावासाठी विहीर खणली' असं वाक्य दिसायचा अवकाश, आक्काच्या नाकपुड्या फुगतात, पर्समधून लाल पेन निघतं आणि समासात प्रश्न उमटतो : 'राजाच्या हाताला घट्टे होते का?'

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शहराबाहेरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका. गावाचं नाव लिहायचं नाही, अशी मला ताकीद आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेत. तीस वर्षांत शाळा बदलल्या, हेडमास्तर बदलले, पण आक्कानं दरवर्षी भांडून चौथीचाच वर्ग मागून घेतला. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या घरात प्रश्न आक्का विचारते, बाकीचे उत्तरं शोधतात.

तिचा आवडता प्रश्न एकच. मी एकदा पाहुण्यांसमोर ऐटीत म्हणालो, "हे घर मी बांधलं."

"तू?" आक्का म्हणाली. "थापी कशी धरत्यात दाव बघू."

पाहुणे हसले. मी सावरून घेत म्हणालो, "म्हणजे खस्ता खाल्ल्या गं. दिवसदिवस उन्हात उभा होतो."

"हुबा हुतास. मग भाकरी कुणी थापली?"

माझी बायको स्वयंपाकघरातून इतक्या मोठ्यानं हसली, की मी त्या दिवसापासून 'आमचं घर गवंड्यांनी बांधलं' असंच सांगतो.

परिसर अभ्यासाच्या तासाला आक्का पाठ्यपुस्तक मिटून ठेवते आणि शाळेच्या कपाटातली गोष्टीची पुस्तकं वाटते. "धड्यात नुसती उत्तरं असत्यात," ती म्हणते. "गोष्टीत माणसं असत्यात. माणूस दिसला की प्रश्न सुचतोय."

एकदा तिचा विसरलेला चष्मा द्यायला मी शाळेत गेलो होतो. वर्गात विहिरीवाल्या राजाची उलटतपासणी चालली होती. विहीर कुणी खणली? पोरं ओरडून सांगत होती : दगड फोडणारे, माती वाहणाऱ्या बाया, दोर वळणारा, बैल. फळा भरला. राजाला जागाच उरली नाही. मग आक्कानं विचारलं, "आणि त्या विहिरीवर पाणी सगळ्यांस्नी भरू देत हुते?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "माझी पणजी लांब हुबी ऱ्हायची, बाई. कुणी वरनं वतलं, तर पाणी."

आक्कानं भाषण दिलं नाही. ते वाक्य तिनं जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग गावातल्या जुन्या विहिरीवर नेला आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना पोरांकरवी तोच प्रश्न विचारला. दोन म्हातारे त्या दिवशी देवळामागच्या वाटेनं घरी गेले म्हणे.

इतकं झाल्यावर शिक्षण खात्याचे साहेब यायचेच. ते आले, पुस्तकं चाळली आणि तांबड्या समासांनी त्यांचे डोळे पांढरे झाले. चार दिवसांत कागद आला. 'आपण शालेय ग्रंथसंपदेवर लाल शाईने अनधिकृत मजकूर लिहून तिचे विद्रूपीकरण केले असून, परिसर अभ्यासाच्या तासिकेस अवांतर वाचन घेत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी लेखी खुलासा सादर करावा.' पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागलं. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात.

आक्का तडक मोपेडवरून माझ्याकडं आली. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "तू लिव्हणारा हाईस न्हवं? लिव्ह."

मी घरातला लेखक. म्हणजे लग्नपत्रिका, दुखवट्याचे मजकूर आणि अपार्टमेंटच्या नोटिसा माझ्याकडं येतात. शिवाय आमच्या लहानपणावर मुलांसाठी एक पुस्तकही मी छापलंय. त्याच्या बऱ्याच प्रती अजून माझ्या कॉटखाली सुरक्षित आहेत. आक्कालाही एक दिली होती. 'वाचलं' एवढंच ती म्हणाली आणि लाल पेनाला भिऊन मीही पुढं काही विचारलं नाही.

मी खुलाशाला सुरुवात केली. 'सदर मजकूर माझ्याकडून अनवधानाने...'

"अनवधानानं?" आक्का कडाडली. "तीस वर्सं अनवधानानं? आरं, झोपेत चालतो काय मी?"

कागद तिनं ओढून घेतला आणि स्वतःच लिहिलं : 'विद्रूप पुस्तक नव्हे, गोष्ट होती. ज्यांनी काम केले त्यांची नावे गाळली होती. ती मुलांनी शोधली. यालाच परिसर अभ्यास म्हणतात असे मी समजते.' खाली सही. पहिल्यांदाच मला वाटलं, की घरातला लेखक बहुतेक मी नाही.

साहेब तसे वाईट नसावेत. त्यांनी मधला मार्ग काढला. बाईंनी हमीपत्र द्यावं, की यापुढं पुस्तकात फक्त पेन्सिलीनं लिहीन आणि तास संपल्यावर खोडून टाकीन. मग कपाट उघडू.

आक्कानं हमीपत्र दोन आठवडे पर्समध्ये कोंबून ठेवलं. "खोडायचंच आसंल तर लिव्हायचं कशाला?" ती फोनवर माझ्यावरच ओरडायची, जणू साहेब मीच. "पोरांनी इचारलेला प्रश्न पुसायचा? पुसलेलं कोण वाचतंय?"

आणि इकडं पोरं रोज कुलपाकडं बघत होती. मागच्या बाकावरची ती मुलगी तर मधल्या सुट्टीत काचेतून पुस्तकांची नावं वाचत उभी असते, असं आक्कानंच सांगितलं. सांगताना आवाज चढला नव्हता, म्हणून मी घाबरलो.

रविवारी सकाळी समजूत घालायला तिच्या घरी गेलो. आक्का एकटीच राहते. दोन खोल्या, त्यातली एक पुस्तकांची. "बस. च्या टाकतो," म्हणून ती आत गेली आणि मी तिच्या शेल्फवरची पुस्तकं चाळू लागलो. एकाही राजाची सुटका नव्हती. एका शेटजीलाही तिनं पार घाम फोडला होता.

सगळ्यांत खाली, खाकी कव्हर घालून, माझं पुस्तक होतं.

भीत भीत उघडलं. एक पान झालं, दोन झाली, दहा झाली. कुठं लाल ठिपकासुद्धा नाही. मला वाटलं, हिनं वाचलंच नाही. मग आईच्या आजारपणाचं पान आलं. मी लिहिलं होतं : 'आई अंथरुणाला खिळली. वडिलांनी एकट्याच्या हिमतीवर घर चालवले. मी रोज फडक्यात भाकरी बांधून घेऊन पहिलीच्या वर्गात जाई.'

त्या ओळीशेजारी समासातला कागद खरबरीत झाला होता. काहीतरी लिहून खोडलं होतं. खिडकीकडं धरलं, तर पेन्सिलीचा वळ दिसला. अक्षर आक्काचं.

'मग भाकरी कुणी थापली?'

मी पहिलीत होतो, तेव्हा आक्का चौथीत होती. त्या वर्षी तिची शाळा सुटली. दोन वर्षांनी ती परत चौथीत जाऊन बसली, वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं. लिहायचं सुचलं नाही, एवढंच.

जगातल्या सगळ्या राजांना तिनं लाल शाई लावली होती. माझ्यासाठी पेन्सिल घेतली आणि तीही खोडली.

टेबलावर तिची पर्स होती. मी लाल पेन काढलं, त्या वळावरून प्रश्न गिरवला आणि खाली लिहिलं : 'आक्कानं.'

ती चहा घेऊन आली. माझ्या हातातलं पुस्तक बघून थबकली. कप खाली ठेवले, चष्मा लावला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ तिनं ते खाली घेतलं नाही. एका शब्दाला एवढा वेळ लागत नाही.

"अक्षर काय सुधारलं न्हाई तुझं," ती म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं. चहा गार होत होता.

मग तिनं पर्समधून ते चुरगळलेलं हमीपत्र काढलं आणि तळहातानं सपाट केलं.

"पुसलेलं बी वाचतंय की कोणतरी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "आण ते पेन हिकडं."

आणि 'यापुढे मी फक्त पेन्सिलीने लिहीन' या ओळीखाली तिनं लाल शाईत ठसठशीत सही ठोकली.