जमादारीणबाईंचं पंचांग

पौषातल्या एका सकाळी आमच्या शेजारच्या अंगणात फटाक्यांची मोठी लड फुटली. माझे साडू पुण्याहून आदल्याच दिवशी आले होते. त्यांच्या हातातला चहा बशीत आणि बशीतला पँटवर गेला.

"कोणाची वरात आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. दिवाळी आहे."

"आज?"

"शेजारी आहे," मी म्हणालो आणि शिलाईच्या मशीनवर बसलो.

सौंदडला आमच्या गल्लीत याचं कोणालाच काही वाटत नाही. शेजारच्या पारबता वैनींचं पंचांग वेगळं आहे, एवढं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यांचे यजमान यादोराव महामार्ग पोलिसांत हवालदार. त्यांची चौकी देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या बाजूला घाटात आहे. इथून सकाळचा चहा घेऊन एसटीत बसलं तर माणूस जेवणाच्या वेळेला पोचेल, एवढंच अंतर. पण सणाच्या दिवशी सगळं जग रस्त्यावर येतं, म्हणून सणाच्या दिवशी यादोराव कधीच घरी येत नाहीत. मग ज्या दिवशी येतील त्या दिवशी सण. इकडे हवालदाराला जमादार म्हणतात, म्हणून गाव वैनींना 'जमादारीणबाई' म्हणतं. वैनीही यजमानांना जमादारच म्हणतात.

"तारीख सरकारची, सन माहा," वैनींचं हे ठरलेलं उत्तर. त्यापुढे कोणी वाद घालत नाही.

त्यांची होळी एकदा वैशाखात पेटली. बाजूला कापलेल्या उन्हाळी धानाचा ढीग होता, म्हणून गल्लीतले चार बाप्ये पाण्याच्या बादल्या घेऊन उभे राहिले आणि होळीला पाठ करून धानाकडेच बघत बसले. तान्हा पोळा त्यांनी एका वर्षी थंडीत भरवला. गल्लीतली पोरं स्वेटर घालून, कानटोप्या ओढून, आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढत त्यांच्या दारी गेली. पोरांची काहीच तक्रार नव्हती. बोजारा, म्हणजे नंदी दारी नेल्यावर मिळणारा खाऊ आणि पैसे, दोनदा मिळतो म्हटल्यावर कोण तक्रार करेल? यादोराव उंबऱ्यात उभे राहून प्रत्येक नंदीची शिंगं हातानं चाचपून बघत होते आणि वैनी कुंकवाचं ताट घेऊन त्यांच्याकडे बघत होत्या.

गंमत वाटते ती इथपर्यंत. खऱ्या दिवाळीला मात्र त्यांच्या घरात अंधार असतो. लेक लग्न होऊन बालाघाटला गेलेली, घरात त्या एकट्या. आमची सुमन, म्हणजे माझी बायको, दर वर्षी फराळाचं ताट घेऊन जाते आणि दर वर्षी भरलेलं ताट परत आणते.

"एक चकली तरी खा ना वैनी."

"आमची दिवारी अजून व्हायची हाय, सुमनबाई. आताच तोंड गोड केलं तं मंग कायचा सन?"

वैनींची दुसरी ओळख म्हणजे त्यांची चौकशी. देवरीकडून आलेला माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नाही. फाट्यावर ट्रक थांबला, एसटी थांबली, कोणी पाव्हणा मोटरसायकलवरून उतरला, की वैनी पदर खोचून हजर. "तिकडून आले का जी? घाटातल्या चौकीवर पोलीस दिसला? उंच हाय. मिशी हाय. उजवा खांदा थोडा पाडून चालते."

गावातली माणसं शहाणी झाली आहेत. दिसो न दिसो, "हाव, दिसले, बरे होते," असं सांगून मोकळी होतात. पण वैनींना ते कळतं. "बरे होते मने. आंधारात पाह्यलं का?" असं पुटपुटत त्या घरी येतात. त्यांना खरी खबर हवी असते.

एकदा त्यांनी चहाच्या टपरीशी एका ट्रकवाल्याला गाठलं. पंजाबकडचा धिप्पाड गडी होता. वैनींनी आपली गोंदियाची हिंदी काढली, "भैया, घाट में हमारा जमादार दिखा क्या?"

तो तापलेलाच होता. "दिखा माताजी! चालान काट दिया मेरा! इतना सुनाया, इतना सुनाया कि पूछो मत!"

वैनींचा चेहरा उजळला. "जोरसे बोला क्या?"

"अरे, चिल्लाया!"

"खांसी आ रही थी क्या बीच में?"

तो बुचकळ्यात पडला. "नहीं तो."

वैनींनी त्याला स्वतःच्या खर्चानं चहा पाजला आणि धावतच माझ्या दुकानात आल्या. "मास्टरभाऊ, जमादारायचा खोकला गेला बरं! ट्रकवाल्याले चांगले झापून राहिले होते!"

मी शिंपी. यादोरावांची खाकी गेली कैक वर्षं माझ्याच मशीनवरून जाते. पण माप द्यायला ते स्वतः फारसे आलेच नाहीत. जुनी पँट घेऊन वैनी येतात.

"कमरेत दोन बोटं आत घ्या."

"त्यांनी सांगितलं का?"

"ते कायले सांगन? फोनवर आवाज बारीक येऊन राहिला. मानूस बारीक झाल्याबिगर आवाज बारीक होते का?"

मी त्यांच्यासमोर मान डोलवायचो आणि कपडा होता तसाच शिवायचो. पुढे एकदा यादोराव आले, तेव्हा मी सहज टेप लावून पाहिला. नेमकी दोन बोटं पँट सैल होती. पट्टा आवळून त्यांनी चुण्या मागे ढकलल्या होत्या. तेव्हापासून मी वैनी सांगतील तेच ऐकतो.

चौकीवर मात्र वैनी कधी गेल्या नव्हत्या. यादोरावांनीच मनाई केलेली. "तिथं यायचं नाही. रस्त्यावर काय काय पाहा लागते, ते तुले कायले?" एरवी कोणाचंही न ऐकणाऱ्या या बाईनं एवढी एक गोष्ट ऐकली होती. जमादार आपल्याला काय दाखवायला भितात, हे त्यांना कळत असावं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी घाटाखालच्या नाल्यात एक प्रवासी गाडी कलंडली. पाणी चढत होतं. गस्तीवर असलेले यादोराव कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले, आणि काठावरच्या दोघांनी दोर धरून ठेवला. आतली सगळी माणसं जिवंत बाहेर आली. पेपरात बातमी होती, 'पोलिसांनी प्रवाशांना वाचवले.' नाव नव्हतं. नाव आम्हाला कळवलं त्या गाडीतल्याच एका माणसानं, शोधत शोधत, आमच्या सरपंचांना फोन करून.

सरपंच उत्साही माणूस. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दुकानं लागतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य होतं. त्याच मंडईत यादोरावांचा सत्कार करायचं ठरलं. यादोरावांची सुट्टीही मंजूर झाली. वैनींनी माझ्याकडून नवी वर्दी शिवून घेतली आणि स्वतःसाठी हिरव्या कापडाचं ब्लाऊज. "बाहीले जरा कडा लावजा मास्टरभाऊ. स्टेजवर बसा लागन." हे सांगताना त्या चक्क लाजल्या. भिंती सारवल्या, अंगणात शेणाचा सडा पडला, पणत्या धुऊन वाळत घातल्या. या वर्षी मंडई आणि त्यांची दिवाळी एकाच दिवशी येणार होती. गावाच्या सणाच्या इतक्या जवळ त्यांचा सण पूर्वी कधी आला नव्हता.

मंडईच्या सकाळी फोन आला. घाटात दोन ट्रेलर आडवे झाले होते, दोन्ही बाजूंना रांगा लागल्या होत्या, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. वैनींनी फोन ऐकला, "जेवले का?" असं विचारलं, "हाव" ऐकलं आणि ठेवून दिला. मग वाळत घातलेल्या पणत्या गोळा करून टोपलीत भरल्या.

आम्हाला वाटलं, आता त्या सत्काराला येणार नाहीत. पण दुपारी त्या नवं ब्लाऊज घालून मंडपात आल्या आणि स्टेजवर यादोरावांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसल्या. यादोरावांची खुर्ची रिकामीच राहिली. सरपंचांनी नाल्याची हकीकत सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल आणि नारळ वैनींच्या हातात दिले आणि सूत्रसंचालकानं माईक पुढे केला, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत."

"दोनच ना?" वैनी म्हणाल्या. "फोनवर बी आमी दोनच बोलतो."

लोक हसले. वैनी हसल्या नाहीत. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"जमादारायनं गाडीतले सारे लोकं वाचवले. चांगलं केलं. दुसऱ्याचं लेकरू वाचलं, याच्याहून मोठं काय हाय? ते सारे आपापल्या घरी गेले दिवारीले. वाचवनाराच तेवढा राह्यला."

 मंडईतल्या आकाशपाळण्याचा करकर आवाज तेवढा लांबून येत होता. वैनींना आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटलं असावं. त्यांनी घाईनं माईक परत केला. "बस. आता दंडार सुरू करा."

खाली उतरून त्या सरळ सरपंचांपुढे उभ्या राहिल्या. "हे शाल ज्याची हाय, त्याले देऊन येतो मी उद्या. गाडी भेटन का?"

सरपंच चांगला माणूस. एरवी तोंडात भाषण तयार असतं त्यांच्या, पण तेव्हा फक्त "हाव, भेटते," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीतल्या चुली पेटल्या. कोणी सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या तळल्या, कोणी वडे केले, कोणाचा भात, कोणाची वांग्याची भाजी. "एका जमादाराले पुरन एवढंच करा ना," वैनी ओरडत होत्या. "चौकीवर बाकीची माणसं नाहीत का?" सुमननं विचारलं. "त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेलच ना?"  वैनी मग स्वतःच आणखी पीठ मळायला बसल्या.

सरपंचांच्या जीपमध्ये वैनी, सुमन, मी आणि डबे एवढे निघालो. देवरी मागे पडली, जंगल दाट झालं.  वैनी वाटभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. चौकी म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची खोली, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक माठ. दुपार होती. एक तरुण शिपाई धावत आला. आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं खुर्च्या पुसल्या. "काकू, साहेब रस्त्याच्या पलीकडे आहेत. बोलावतो."

पलीकडच्या बाजूला मजुरांनी भरलेला एक टेम्पो बंद पडला होता. रायपूरकडची माणसं असावीत, बोचकी, भांडी, लेकरं घेऊन कुठे कामाला निघालेली. यादोरावांनी सगळ्यांना खाली उतरवून कडेला सावलीत बसवलं होतं. एका म्हातारीला ते स्वतः बाटलीनं पाणी पाजत होते. तेवढ्यात एक छोटी पोरगी रडायला लागली. तिची एक चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती. यादोरावांनी आधी म्हातारीचं पाणी पुरं होऊ दिलं. मग रस्त्यात जाऊन हात वर केला. भले मोठे ट्रक एकामागोमाग एक करकचून थांबले. यादोरावांनी वाकून ती बोटाएवढी चप्पल उचलली, वर्दीच्या बाहीला पुसली आणि कडेला येऊन, गुडघा टेकून पोरीच्या पायात घातली. पोरगी काहीतरी बोलली. यादोराव हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून हसले. ट्रकांच्या घरघरीतून ऐकू आलं नाही, पण दिसलं.

इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी वैनींकडे वळलो. त्या रस्त्याच्या कडेला लोखंडी कठड्याला धरून उभ्या होत्या.

"आवाज देऊ का?" शिपायानं विचारलं.

"नको."

"अहो वैनी, पुऱ्या थंड होतील," सुमन म्हणाली. "नको काऊन?"

वैनींनी मान वळवली नाही.

"घरी येतेत तं दोन घास खातेत अन् झोपतेत, सुमनबाई. थकले रायतेत. मी उशाशी बसून झोपलेलाच मानूस पाह्यतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "जागे कसे दिसतेत, ते आज पाहून राहिली. थोडं थांबा. आवाज देला तं ते इकडे येतीन, अन् असे दिसाचे नाही."

शिपायानं मान खाली घातली आणि माठाकडे गेला. सुमननं हातातला डबा खाली ठेवला. ट्रक पुन्हा सुरू झाले. दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून यादोराव दिसत, पुन्हा झाकले जात, पुन्हा दिसत. दिसले की वैनी टाचा उंचावत.