गुणवंतभाऊंचा एक प्रश्न

आमच्या शेजारच्या गुणवंतभाऊंना 'काय भाऊ, बरे आहात ना?' असं कधी विचारू नये. ते तुमच्याकडे नीट बघतील, मग स्वतःकडे बोट दाखवून म्हणतील, "दिसून नाही राह्यलं का?" लग्नाच्या मांडवात कुणी जिव्हाळ्यानं 'जेवण झालं का?' म्हटलं, तर ते तोंड उघडत नाहीत; वरणानं पिवळी झालेली बोटं दाखवतात. त्यांच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी आहे. एका बाजूला 'आहे', दुसऱ्या बाजूला 'नाही'. बाहेर जाताना उलटवायची, आल्यावर सुलटवायची. एकदा सुलटवायची राहिली. दूधवाल्यानं हाक मारली, आतून आवाज आला, "बोर्ड वाच!" त्यानं वाचला आणि तो निघून गेला. त्या दिवशी त्यांच्या घरचा चहा माझ्या दुधावर झाला. मी म्हटलं, "अहो, चूक तुमचीच." तर म्हणाले, "पण पोट्टा शिस्तीचा हाये, वयनी. त्यानं वाचला."

हा स्वभाव त्यांना खिडकीनं दिला. नेरच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. यवतमाळची गाडी दारात उभी, पाटी लावलेली, ड्रायव्हर चढलेला, आणि समोर माणूस विचारतोय, 'साहेब, यवतमाळची लागली का?' असं वर्षानुवर्षं ऐकल्यावर माणूस एक तर संत होतो, नाही तर गुणवंतभाऊ होतो. त्यांच्या मते जगातले बहुतेक प्रश्न 'फलाटी' असतात, म्हणजे उत्तर समोर उभं असताना विचारलेले. काही रिकामे असतात, वेळ काढायला विचारलेले. आणि खरा प्रश्न? "तो क्वचित येते, वयनी. आणि विचारणाऱ्याच्या तोंडावरून आधीच समजते."

माझी त्यांची ओळख त्या खिडकीतूनच झाली, आणि ती सांगायला मला अजून मजा येते. मी अमरावतीची, बी.ए. झालेली, नेरच्या घरात नुकतीच सून म्हणून आलेली. डोळ्याला गॉगल, खांद्याला पर्स. पर्समध्ये तिकिटाचे पैसे, एक रुमाल आणि भलामोठा तोरा. नणंदेच्या बाळाला बघायला यवतमाळला निघाले होते. खिडकीत एक काटकुळा तरुण बसला होता. मी अगदी पुस्तकी मराठीत विचारलं, "यवतमाळला जाणारी बस कोणती?" त्यानं मान वर न करता म्हटलं, "बोर्ड वाचा."

मला? बी.ए. झालेल्या बाईला वाच म्हणतो? मी अशी काही रागावले की बोर्ड वाचलाच नाही. समोर जी गाडी होती तीत चढले, गॉगल नीट केला आणि खिडकीबाहेर बघत बसले. कंडक्टर आला. "कुठं, बाई?" आता ह्यालाही उत्तर द्यायचं का, असा माझा आव. म्हटलं, "एन्डपर्यंत द्या."

त्या गाडीचा एन्ड अमरावती होता.

दारात मला एकटी बघून आईनं हंबरडाच फोडला. "काय केलं त्यायनं तुले?" इकडे नेरला बातमी पसरली की देशमुखांची नवी सून रुसून माहेरी गेली. संध्याकाळी हे घ्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा कापसाच्या वातीसारखा झाला होता. आणि मी महामाया काय म्हणाले? "आईची फार आठवण आली." सगळ्यांचे डोळे पाणावले. खरी गोष्ट फक्त कंडक्टरला माहीत होती. त्यानं ती खिडकीत सांगितली. पुढे गुणवंतभाऊंनी आमच्या शेजारची जागा घेतली, घर बांधलं, आणि पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाले, "राम राम, एन्डवाल्या वयनी."

तर असा हा माणूस. दुसऱ्याच्या प्रश्नांना वैतागलेला, आणि स्वतः जन्मात कुणाला काही न विचारलेला. भाजीचा भावदेखील विचारत नाहीत. मागच्या गिऱ्हाइकाला सांगितलेला ऐकून घेतात.

या उन्हाळ्यात ते कूलरमध्ये पाणी भरत होते. वाकून उठले आणि वर उघड्या असलेल्या खिडकीच्या लोखंडी झडपेवर डोकं आपटलं. खाली पडले, क्षणभर शुद्ध गेली. माझ्या मुलानं त्यांना गाडीत घालून यवतमाळला नेलं. तिथं डोक्याचा फोटो काढला. आत रक्त नव्हतं, हाड शाबूत होतं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग तिथला डॉक्टर म्हणाला, "माराचं काही नाही. पण दुसरंच एक दिसून राह्यलं. छोटी गाठ आहे. बरीच जुनी असावी." पुढच्या आठवड्यात मेंदूचे मोठे डॉक्टर येणार होते, त्यांना दाखवा म्हणाला. वर हेही सांगितलं की तिथं गर्दी असते, वेळ कमी मिळतो, तेव्हा काय विचारायचं ते घरूनच ठरवून या.

गुणवंतभाऊ गाठीला घाबरले की नाही कळलं नाही. पण 'काय विचारायचं ते ठरवून या' म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला.

"पोराला पुण्याहून बोलवा," मी म्हटलं.

"नको. तो मलेच प्रश्न विचारन."

मग मीच कंबर कसली. रंगीत तालीम करायची ठरवली. माझ्या ओसरीकडच्या खिडकीत, गजांच्या आत, मी डॉक्टर होऊन बसले. ह्यांचा जुना चष्मा नाकावर लावला. हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण चष्म्याचा रुबाब कायम आहे. गुणवंतभाऊ बाहेर, ओसरीवर, हातात टोपी घेऊन उभे. जन्मात पहिल्यांदा ते खिडकीच्या त्या बाजूला होते.

"पुढचा!" मी ओरडले. "बोला. काय विचारायचं?"

ते म्हणाले, "तुमीच सांगा न. ज्याची खिडकी, त्यानं सांगाव."

"असं नाही चालत. विचारा, ही गाठ कशाची?"

"ते रिपोर्टात लिवलं हाये."

"तुम्हाला समजलं का ते?"

"नाही. पण लिवलं तं हाये."

"बरं, ऑपरेशन करावं लागेल का?"

"लागन तं तो सांगनच. फलाटी प्रश्न."

"नाही केलं तर काय होईल?"

इथं त्यांनी मान तिरपी केली. "हा बरा हाये. हा ठेवा."

मला चेव आला. गाठ वाढेल का, औषधानं जाईल का, स्कूटर चालवायची की नाही, कोणती लक्षणं दिसली तर पळत यायचं, मी एकामागून एक सुचवत होते आणि ते वांगी निवडावी तसे प्रश्न निवडत होते. एखादा घेत, चार बाजूला टाकत. मी चिडून म्हटलं, "तुमच्या मनात स्वतःचा एक तरी प्रश्न आहे का हो?"

ते टोपी फिरवत राहिले. "हाये एक."

"मग बोला की!"

"तो इथं नाही विचारता येत. तुमाले उत्तर येत नाही त्याचं."

तेवढ्यात त्यांच्या घरातून हाक आली, "अहो! यवतमाळची गाडी लागली का?"

ती कुसुम, त्यांची बायको. कुसुमला गेल्या काही वर्षांपासून विसर पडत चाललाय. आजचं काही राहत नाही, जुनं मात्र मधूनच वर येतं. लेक यवतमाळला शिकायला होती तेव्हा कुसुम दर शनिवारी डबा घेऊन जायची. आता लेक स्वतः सासू व्हायला आली, पण कुसुमचा रोजच शनिवार असतो. मांडीवर पिशवी घेऊन ती खिडकीशी बसते आणि विचारते.

गुणवंतभाऊ वळून म्हणाले, "नाही लागली अजून. लागली का सांगतो."

आणि परत माझ्याकडे, "हं, ते स्कूटरचं सांगा."

मी चष्मा सावरला. माझ्या डॉक्टरकीत मी इतकी रमले होते की काय ऐकलं ते माझ्या ध्यानातच आलं नाही. अमरावतीच्या गाडीत चढले तेव्हा जशी होते, तशीच अजून आहे म्हणायची. बोर्ड समोर, आणि मी गॉगल सावरतेय.

ठरल्या दिवशी कुसुमजवळ माझी सून थांबली आणि आम्ही दोघं एस.टी.नं यवतमाळला गेलो. दवाखान्यात ही गर्दी! चौकशीच्या टेबलामागचा माणूस चहाला गेला होता. गुणवंतभाऊ शेजारच्या खुर्चीत टेकले मात्र, एका म्हाताऱ्यानं त्यांनाच विचारलं, "साहेब, एक्सरे कुठं?"

भाऊंची पाठ ताठ झाली. "खाली. डाव्या हाताले. तिथं बाण काढला हाये, वाचला नाही काय?"

मग दुसरा आला, तिसरी आली. पाच मिनिटांत रांग लागली. कोणते डॉक्टर कुठं बसतात, रक्त कुठं द्यायचं, पाणी कुठं प्यायचं, त्यांनी येता येता भिंती वाचून ठेवल्या होत्या. एक बाई मुलाला कडेवर घेऊन म्हणाली, "साहेब, आमचा नंबर केव्हा लागन?" तर ते म्हणाले, "गाडी वेळेवर हाये, बसा." मी शेजारी बसून पदरात हसत होते. तेवढ्यात नर्सनं त्यांचं नाव पुकारलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं.

"अहो, तुमचं नाव!" मी दंड धरून ओढलं.

"थांबा वयनी, रांग हाये न!"

आत डॉक्टर म्हणजे माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा. पण बोलायला चांगला. पडद्यावर फोटो लावून त्यानं समजावलं. गाठ मेंदूच्या आत नाही, वरच्या आवरणाला लागून आहे, उजव्या बाजूला. लहान आहे, सावकाश वाढणाऱ्या जातीची दिसते, कॅन्सरसारखी वाटत नाही. आत्ता ऑपरेशन नको. सहा महिन्यांनी परत फोटो काढून बघू. मधे झटका आला, हातापायातली ताकद गेली, नजर बदलली, डोकं जास्त दुखायला लागलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

एक स्कूटर सोडली तर माझी सगळी तालीम त्यानं एका दमात वाहून नेली. खिडकीतला माणूस चांगला असला की असंच होतं.

"काही विचारायचं आहे, काका?"

गुणवंतभाऊंची टोपी हातात, बोटं तिच्या काठावरून फिरत होती. माझ्या जिभेवर स्कूटरचा प्रश्न आला. मी तोंड उघडणार, तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "ह्यानं माही बोली तं नाही जाणार न?"

डॉक्टरनं विचारलं, "बोलणं? आत्ता बोलायला काही त्रास होतो का? शब्द अडकतात?"

"नाही. आत्ता काही नाही. पण हे वाढली, का मंग तुमी डोकं उघडलं... चालणं गेलं तं जाऊ द्या. एक हात गेला तरी चालन. बोलता आलं पाह्यजे."

"बोलण्याचंच का विचारता?"

"घरी बायको हाये. ते विचारते."

"काय विचारतात?"

"गाडी लागली का म्हणून."

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं.

गुणवंतभाऊ खाली बघत म्हणाले, "दिवसभर विचारते, साहेब. तिले राह्यत नाही न ध्यानात. उत्तर नाही भेटलं का घाबरते, उठून दाराकडे निंगते. पोट्टे बोलतात फोनवर, पण तिले त्याईचा आवाज वळखू नाही येत. माहा येते. मंग सांगा लागते न कोणीतरी."

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली. एवढी गर्दी बाहेर असताना त्यानं परत एकदा फोटो दाखवला, बोटानं. "हे बघा काका. बोलण्याची जागा बहुतेकांची ह्या बाजूला असते, डावीकडे. तुमची गाठ ह्या बाजूला. आज तरी तुमच्या बोलण्याला ह्या गाठीपासून धोका दिसत नाही. पुढची हमी मी देत नाही, म्हणून तर परत बोलावतोय. जीभ जड वाटली, शब्द सापडेना, की त्याच दिवशी या."

"येतो," गुणवंतभाऊ म्हणाले. मग उठून टोपी घातली आणि जन्मात कुणाला न म्हटलेलं वाक्य म्हणाले, "सांगितलं, बरं केलं."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ज्या माणसानं मी एकदा विचारलेल्या प्रश्नासाठी मला अमरावतीला पाठवलं, तो माणूस तोच प्रश्न रोज दिवसभर ऐकतो. कुंपणापलीकडून मी हे ऐकत आले. कुसुमला 'बोर्ड वाच' असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

घरी पोहोचलो. फाटकावर पाटी 'नाही' होती. त्यांनी ती फिरवली. माझी सून ओसरीवर येऊन हळूच म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी. सारखं दाराकडेच."

कुसुम खिडकीशी होती, पिशवी मांडीवर, गज हातात धरलेले. नवऱ्याला बघून तिचा चेहरा सैल झाला.

"अहो, यवतमाळची गाडी लागली का?"

गुणवंतभाऊ चपला न काढता खिडकीपाशी गेले. यवतमाळच्या गाडीतून नुकतेच उतरलेले, अंगावर त्या गाडीची धूळ तशीच होती.

"नाही लागली अजून," ते म्हणाले. "लागली का सांगतो. मी आहो न इथंच."