जर्मन भिंतीची तीन भोकं

"साहेब, तुमच्या देशात भिंतीला भोकं कशी असतात?"

हा प्रश्न इंदूने भर शाळेच्या अंगणात, सगळ्या मास्तरांसमोर आणि हेडमास्तरीणबाईंच्या नाकासमोर वेबरसाहेबांना विचारला. विचारला म्हणजे काय, खणखणीत इंग्रजीत विचारला! मागे विमल आणि अंबू एकमेकींचे दंड आवळून उभ्या होत्या. "विचारून दाखवशील तर खरी!" असं त्या दोघी सकाळपासून तिला चिडवत होत्या. इंदूला कुणी "दाखव बरं" म्हटलं की ती विहिरीतसुद्धा उडी मारेल. आधी मारेल, पाण्याचं मग बघेल.

प्रश्न दिसतो तेवढा खुळा नव्हता. इंदूचे वडील, रंगराव, पिंपरीच्या नव्या कारखान्यात बॉयलरवर होते. कंपनी त्यांना सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवणार होती. अख्ख्या कॉलनीत नुसता जयजयकार! पण इंदूच्या आईला, सावित्रीबाईंना, वेगळीच काळजी.

"तिथे खातात काय, देव जाणे. तुम्ही विजेची शेगडी घेऊनच जायचं. पिठलं-पोळी करून खा, पण वाकडंतिकडं पोटात जाऊ देऊ नका!"

शेगडी आली. चकचकीत, पुण्याहून. तिला तीन पायांचा प्लग, कॉलनीच्या भिंतीला तीन भोकं. सगळं जुळलं. मग विमल म्हणाली, "माझा मामा बोटीवर आहे. तो म्हणतो, दर देशाच्या भिंतीची भोकं वेगळी. तुझे बाबा शेगडी घेऊन जातील आणि भिंतीकडे बघत उपाशी बसतील."

इंदूच्या डोळ्यांपुढे बाबा आले. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात प्लग, पुढे नुसती सपाट भिंत! त्यात नेमके वेबरसाहेब, म्हणजे कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले जर्मन इंजिनियर, शाळेत बक्षिसं वाटायला आले. इंदूला शास्त्राचं पहिलं बक्षीस होतं. बक्षीस घेतलं आणि तिथेच तिने प्रश्न टाकला.

साहेबांनी तोंड उघडलं आणि कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला! तो भोंगा असा की आळंदीपर्यंत कुत्री रडायला लागत. साहेब ओरडले, पण ऐकू येणार काय? मग त्यांनी सरळ हात वर केला, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ताठ ताणलं आणि इंदूला दाखवलं. भोंगा थांबला तेव्हा शेवटचा एकच शब्द हाती लागला. "राउंड!"

झालं! कळलं!

अंगठ्याच्या टोकापासून शेजारच्या बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे टीच. हे कोणीही सांगेल. खण टीचभर कमी पडला, दोरी टीचभर वाढवा. म्हणजे जर्मन भिंतीची भोकं गोल आणि एकमेकांपासून टीचभर लांब! आणि किती? अगं, तीन! भोकं तीनच असतात, ते काय विचारायचं?

त्या संध्याकाळी इंदूने घरात जाहीर केलं, "बाबा, प्लगचं माझ्यावर सोपवा!"

रंगराव वाफेतले दर्दी होते. विजेचं नाव काढलं की चार पावलं मागे सरत. त्यांना सुटल्यासारखं झालं. सावित्रीबाई मात्र म्हणाल्या, "हिला पुढच्या वर्षी गृहशास्त्र घ्यायला सांगा. सायन्सचं खूळ फार झालं."

"मी सायन्सच घेणार!"

"गृहशास्त्र!"

"सायन्स!"

"थांबा गं दोघी!" रंगराव मध्ये पडले. मशीनच्या दोन चाकांमध्ये तेल घालायची त्यांची सवयच. "इंदू, तू केलेली वस्तू जर्मनीत माझ्या उपयोगी पडली, तर सायन्स. नाही पडली, तर आई म्हणेल ते. कबूल?"

"कबूल!" इंदू म्हणाली. तिच्या मते पुढच्या वर्षीची पुस्तकं आणायलाच निघायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी ती विमलला घेऊन चिंचवडगावात धर्माजी सुतारांकडे गेली. धर्माजी मूळचे चाकणचे. बैलगाडीची चाकं, कांदेबाजारातल्या तराजूच्या दांड्या, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी ऐकून घेतलं, विडी विझवली आणि मुद्द्याला हात घातला.

"टीच कुणाची धरायची, पोरी? तुजी का सायबाची?"

हे इंदूच्या लक्षातच आलं नव्हतं!

"सायबाचा हात केवढा हाय?"

"खोऱ्याएवढा," विमल म्हणाली.

"मंग माजी टीच, वर दोन बोटं जास्त. आता पायांची लांबी सांग. भिती किती जाड असत्यात तिकडं?"

इंदूने क्षणभरच विचार केला. "तिकडे बर्फ पडतो, काका. भिंती जाडच असणार."

"व्हय, थंडीचं तसंच हाय," धर्माजी म्हणाले. "अर्दी वीत ठेवू पाय. पितळंचं. उगं कमी न्हाई पडायला पायजे."

धर्माजींनी जीव ओतून काम केलं. सागाची गोल पाटी, खालून पितळेचे तीन जाड पाय आणि मधोमध वायर जायला भोक. वर कडेने एक नक्षीची वेल काढली. "परदेशात जातोय, तर बोडका नको दिसाय."

इंदूने तो प्लग दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणला. एका हातात मावतच नव्हता.

सावित्रीबाईंनी एक नजर टाकली. "पोळपाट आणलास? चांगला आहे हो. पाय जरा उंच झालेत."

"आई! हा प्लग आहे!"

"बरं बाई, प्लग," त्या म्हणाल्या, पण हाताने चाचपून लाकूड बघितलंच.

आता कोणतीही वस्तू करून बघितल्याशिवाय परदेशी धाडायची नाही, हा शास्त्राचा नियम. पण करून बघायला जर्मन भिंत कुठली आणायची? इंदूने ती घरातच करायची ठरवली. सावित्रीबाई बाजारात गेल्या आणि इंदू-विमलने रंगरावांच्या हत्यारांच्या पेटीतून छिन्नी-हातोडा काढला. पाटी भिंतीला लावून खुणा केल्या आणि तीन भोकं पाडायला घेतली. कॉलनीच्या मधल्या भिंती पापडासारख्या! भोकं भराभर पडली. इतकी भराभर की दोघींना स्वतःचंच कौतुक वाटलं. मग इंदूने "एक, दोन, तीन!" म्हणून प्लग ठोकला. काय बसला म्हणता! हलेना!

पलीकडून किंकाळी आली.

पलीकडे यशोदाबाईंचं स्वयंपाकघर. त्या फोडणी घालत होत्या आणि देवाच्या फळीच्या वर, अगदी मधोमध, भिंतीतून पितळेचे तीन झळझळीत गोळे बाहेर आले होते. कढई तशीच ठेवून त्या दारात पळाल्या. "अहो बायांनो, या! भिंतीतून देव आलाय!"

आता देव आला म्हटल्यावर कॉलनी मागे राहते होय? पाच मिनिटांत सगळ्या जणी गोळा. कुणी हळदकुंकू लावलं, कुणी फूल वाहिलं. एकीने तर आळंदीला पायी जायचं कबूल केलं. अलीकडे इंदू आणि विमल प्लग ओढत होत्या आणि तो निघत नव्हता.

"जोर लाव गं!"

"लावतेय ना! सोडू नकोस!"

शेवटी प्लग सुटला आणि दोघी पाठीवर आपटल्या. पलीकडे एकच गलका झाला. "गेला! देव गेला! कुणाचा विटाळ झाला गं?"

इंदूने प्लगच्या पायांवरचं कुंकू परकराने पुसलं आणि भोकांवर कॅलेंडर टांगलं. पण सावित्रीबाईंना कळायचं राहिलं नाही. यशोदाबाईंच्या बाजूने भोकातून त्यांना आपलंच कॅलेंडर पाठीमागून दिसलं! त्या दिवशी इंदूने जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"जाऊ दे," रंगराव म्हणाले. "बसला होता ना नीट? मग झालं."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वेबरसाहेबांना जेवायला बोलावलं. साहेब मांडी घालायचा प्रयत्न करत पाटावर बसले. गुडघे कानापर्यंत आले, पण जेवण त्यांना भलतंच आवडलं. पहिली पोळी संपली. सावित्रीबाईंनी आणखी वाढू का, म्हणून हाताने विचारलं. साहेबांचं तोंड भरलेलं. त्यांनी हात वर केला आणि अंगठा नि शेजारचं बोट ताणून दाखवलं.

"टीचभरच हवी म्हणतात," सावित्रीबाई आत आल्या. "पोट भरलं असेल बिचाऱ्यांचं." त्यांनी छोटीशी, टीचभर पोळी लाटून नेली.

साहेबांनी ती एका घासात संपवली. पुन्हा अंगठा, पुन्हा बोट. पुन्हा एक टीचभर पोळी. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा साहेबांना राहवेना. कारखान्यात शिकलेलं सगळं मराठी गोळा करून ते म्हणाले, "बाई, दोन! दोन पोळी!" आणि लहान मुलाला शिकवावं तसं मोजून दाखवलं. आधी अंगठा उचलला. "एक." मग शेजारचं बोट. "दोन."

इंदूच्या हातातली आमटीची वाटी कलंडली.

अंगठ्यापासून मोजतात! आपण करंगळीपासून पेरं मोजतो आणि अंगठा बिचारा मोजणारा. त्या मोजणाऱ्यालाच धरून कुणी मोजेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

"बाबा," ती पुटपुटली, "ती टीच नव्हती. ते दोन होते."

रंगरावांनी कोपऱ्यातला प्लग आणून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला, वेलीवरून बोट फिरवलं. "फार सुंदर! काय आहे?"

"तुमच्या देशाचा प्लग," रंगराव म्हणाले.

साहेब इतके हसले की पाटावरून घरंगळले. मग त्यांनी पिशवीतून दाढीच्या यंत्राची वायर काढून दाखवली. टोकाला दोन बारीक गोल पाय, बोटभरसुद्धा अंतर नाही. असा प्लग तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतो, दोन स्क्रू पिळले की काम झालं, असं त्यांनी सांगितलं.

साहेब गेले. सावित्रीबाई इंदूकडे बघत होत्या आणि त्या बघण्यात गृहशास्त्राची चारही वर्षं स्वच्छ दिसत होती. इंदूचं नाक लाल झालं होतं. शास्त्राचं पहिलं बक्षीस फळीवरून तिच्याकडे बघेना.

सावित्रीबाई रंगरावांची ट्रंक भरायला बसल्या. शेगडी ठेवली, तवा ठेवला, लाटणं ठेवलं. मग अडखळल्या. "अहो, पोळपाट? आपला तर एकच आहे."

त्यांनी कोपऱ्यातला प्लग उचलला, मधल्या भोकात एक लाकडी खुंटी ठोकली, वरून हात फिरवला. "धर्माजींनी केलाय मात्र छान. तिकडे टेबलाशी उभ्याने लाटायच्या पोळ्या, तेव्हा पाय उंच आहेत तेच बरं," असं म्हणत तो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत घातला आणि कुलूप लावलं.

इंदू ताडकन उभी राहिली. नाक पुसलं.

"आई, बाबा, माझं ठरलं! मी केलेली वस्तू जर्मनीत बाबांच्या उपयोगी पडणार आहे, तेव्हा मी सायन्स घेणार! फक्त त्याच्यावर पोळी कशी लाटायची, ते आई, तूच बाबांना शिकव. मला नाही येत."