टोकेरावांची चोच आणि कंपनीची पोथी

एका जंगलात, बाळांनो, प्रगती येऊन पोचली होती. त्यामुळे पक्ष्यांना अंड्यांवर बसायला वेळच उरला नव्हता. गेंडा आणि मंडळी नावाची कंपनी त्यांना उबवणी यंत्रं विकायची. यंत्र दिसायला देखणं होतं. बिघडायचंही अगदी वेळेवर, म्हणजे अंडी आत असताना. आणि बिघडलं की झाकण आपोआप घट्ट बसायचं. सुरक्षिततेसाठी.

त्याच जंगलात टोकेराव नावाचे एक सुतारपक्षी राहत. ना शिक्षण, ना प्रमाणपत्र, गळ्यात साधं ओळखपत्रसुद्धा नाही. ते आपले यंत्रावर चोचीने टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि तुटलेली तार नेमकी शोधून काढायचे. काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशाने लिहून ठेवायचे: काय गेलं होतं, कसं शोधलं, काय जोडलं. पुढे जो कोणी उघडेल त्याला त्रास नको, एवढाच हेतू. किती मागासलेले, पाहा.

एका दुपारी टिटवीबाई धापा टाकत आल्या. त्यांचं यंत्र गार पडलं होतं. आत चार अंडी.

"कंपनीच्या केंद्रावर जाऊन आले हो," त्या म्हणाल्या. "तिथले सरडेसाहेब म्हणाले, दुरुस्तीची पोथी फक्त अधिकृत जनावरालाच दाखवतात, आणि ते एकवीस दिवसांनी येईल. तोवर अंडी काढून ठेवा. मी म्हटलं, अहो, झाकणच उघडत नाही. तर नुसती मान हलवत राहिले."

सरड्याची मान हलतेच, बाळांनो. तो होकार नसतो.

टोकेराव मनातून घाबरले होते. चोच जरा इकडेतिकडे झाली असती, तर अंडं फुटलं असतं. पण त्यांनी टकटक केली, ऐकलं, झाकण उचकटलं आणि तार जोडली. मग सवयीने लिहिलं: 'डावीकडची तार. हळू. शेजारी टिटवीची अंडी आहेत.'

चार पिल्लं बाहेर आली, आणि पाठोपाठ कंपनी आली. तिने यंत्र जप्त केलं आणि टोकेरावांवर पोथी चोरल्याचा खटला भरला. पोथीशिवाय दुरुस्ती होतेच कशी?

न्यायाधीश अस्वल होते. कुलूपबंद पेटीतून पोथीची ताजी आवृत्ती निघाली. सरड्याने वाचलं, "डावीकडची तार. हळू. शेजारी टिटवीची अंडी आहेत."

"अहो, ती माझी अंडी," टिटवीबाई म्हणाल्या.

"हे शब्द तुम्हाला माहीत होते?" अस्वलाने टोकेरावांना विचारलं.

"माझेच आहेत, साहेब. झाकणावरून उतरवलेत."

"म्हणजे गुप्त पोथी तुम्हाला शब्दशः पाठ आहे. कबुली मिळाली."

टोकेरावांची चोच वेलीने बांधण्यात आली. जेवणापुरती सोडायची, एवढी दया दाखवण्यात आली.

पुढच्या वर्षी टिटवीबाईंचं नवं यंत्र गार पडलं. खटला जिंकल्यामुळे कंपनीची इभ्रत वाढली होती, म्हणून या वेळी सरडा स्वतः आला. त्याने पोथी उघडली. "चोचीने तीनदा टकटक करा. मग ऐका."

सरड्याला चोच नव्हती. चोच नसल्यास काय करावं, हे टोकेरावांनी कधी लिहिलं नव्हतं. तेवढ्यात आतूनच टकटक ऐकू आली. पिल्लं अंडी फोडत होती, आणि वरचं झाकण बंद होतं.

सरड्याने नोंद केली: 'टकटक ऐकू आली. यंत्र ठीक.' आणि मान हलवत निघून गेला.

टिटवीबाई धावत टोकेरावांकडे गेल्या. त्यांनी वेल तोडली. टोकेरावांनी येऊन झाकण उघडलं. चारही पिल्लं वाचली. मग त्यांनी तारही जोडून दिली.

टिटवीबाईंनी कोळशाचा तुकडा पुढे केला. टोकेरावांनी तो घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. झाकण त्यांनी कोरंच लावलं.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काही येत असेल, तर ते लिहून ठेवू नये. लिहिलंच, तर लगेच विसरून जावं. लक्षात राहिलं, तर ती चोरी ठरते.