दीपमालेचं बोट

सुभेदार हंबीररावांनी लेकीचा फोन घेतला तो गोठ्याच्या पत्र्यावर उभं राहून. पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत रेंज तेवढ्या एकाच कोपऱ्यात यायची.

दीपमाला सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स. दोन महिन्यांपूर्वी रजा टाकून ती आफ्रिकेकडच्या एका दवाखान्याच्या जहाजावर सेवा करायला गेली होती. बिनपगारी! "पगार न्हाई तर गेली कशाला?" हे विचारून विचारून वाडीनं हंबीररावांचं डोकं पिकवलं होतं. जहाज बंदराला लागलं की मोतीबिंदूची म्हातारी माणसं, दुभंगल्या ओठांची लेकरं रांग लावायची, जहाजातच ऑपरेशनं व्हायची आणि हसरी लेकरं कडेवर घेतलेले फोटो दीपमाला पाठवायची. ते फोटो हंबीरराव दिसेल त्याला दाखवत सुटायचे. सध्या मात्र जहाज एक बंदर सोडून दुसऱ्या बंदराकडं निघालं होतं.

"आप्पा... बोट... लाग... लय हाल... उठवत न्हाई..." एवढंच ऐकू आलं आणि फोन गप्प झाला.

हंबीरराव धडपडत खाली उतरले. "आगं ऐकलंस का, पोरीच्या बोटाला लागलंय!"

"कुठल्या बोटाला?" विजयमालाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या.

"त्ये काय सांगितलं न्हाई."

"मग इचारायचं न्हाई व्हय? अठ्ठावीस वर्सं फौजेत काय करत हुतासा?"

सुभेदार पुन्हा पत्र्यावर चढले, पण फोन काही लागेना. बाईंनी डोळे पुसत ही बातमी गिरणीत सांगितली. गिरणीत बोट नुसतं चिरलेलं होतं. दुधाच्या डेअरीवर ते तुटलं. कोरेगावात हरणाबाईंच्या कानावर गेलं तेव्हा ते डाव्या हाताचं, अंगठीचं बोट झालेलं होतं आणि समुद्रात पडून माशानं खाल्लेलं होतं.

हरणाबाई म्हणजे होणारी विहीण. दीपमालेनं तोवर नऊ स्थळं उडवून लावली होती. हरणाबाईंचा दिग्विजय, फौजेतला नायक, बघायला आला तेव्हा तिनं पहिल्यांदाच मान खाली घातली आणि रात्री म्हणाली, "आप्पा, हे चालंल." ती परतली की साखरपुडा होता. हे स्थळ मोडलं तर पोरीला तोंड कुठल्या तोंडानं दाखवायचं, हाच हंबीररावांना घोर होता.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईंचा फोन आला. "पाव्हणं, सोन्याची अंगठी करून ठिवलीया. आता ती घालायची कशात?"

"आवं विहीणबाई, नुसतं लागलं असंल!"

"मग दावा की. धाच्या धा बोटं मला माझ्या डोळ्यांनी बघायचीत."

आणि खरंच त्या सुट्टीवर आलेल्या दिग्विजयच्या मोटारसायकलवर बसून आल्या. रेंज पत्र्यावर, म्हणून त्यांना शिडीवरून पत्र्यावर चढवावं लागलं. दिग्विजयनं वरून ओढलं, हंबीररावांनी शिडी धरली आणि खाली म्हैस बिचकून दावं तोडायला लागली. एकदाचा व्हिडिओ लागला. दीपमाला अंथरुणात पडली होती. चेहरा पांढराफटक.

"पोरी, हात दाव," हंबीरराव म्हणाले.

"हात? कशापायी आप्पा?"

"आगं दाव म्हणतो न्हवं!"

तिनं हात दाखवला. हरणाबाईंनी मोठ्यानं मोजलं. पाच. मग दीपमालेनं फोन या हातातून त्या हातात घेतला आणि दुसरा हात दाखवला. पुन्हा पाच.

"ह्यो त्योच हात हाय," हरणाबाई म्हणाल्या.

"न्हाई ओ, दुसरा हाय!"

"मग दोन्ही एकदम दाव. आमी काय दुधखुळं हाय व्हय?"

दीपमालेनं फोन उशीला टेकवला आणि दोन्ही हात वर केले. तेवढ्यात जहाज कललं, फोन घसरला, आणि पत्र्यावरच्या मंडळींना दिसलं ते एवढंच की पोरगी दोन्ही हातांनी तोंड दाबून बादलीत ओकतेय. एकदा नाही, तीनदा. मग पडदा काळा झाला.

हरणाबाईंनी पदर सारखा केला. "किती म्हैनं झालं म्हणालासा हितनं जाऊन?"

"द... दोन."

"हं," हरणाबाई म्हणाल्या आणि चहा न घेता शिडी उतरल्या. दिग्विजय मागून गेला.

संध्याकाळी दीपमालेचा फोन आला. आवाज स्वच्छ होता. "आप्पा, आता बंदराला लागलो, बरं हाय. चार दिवस नुसती बोट लागली हुती बघा."

"कुठलं बोट?"

"आवं बोट! जहाज! घाटात गाडी लागती न्हाई का, उलट्या हुत्यात, तशी बोट लागली! आमी सगळ्या नर्सा पडून. हसायला आलं मला, एकमेकीला पाणी द्यायला बी कोण उठंना."

हंबीररावांनी कपाळावर हात मारून घेतला आणि विहीणबाई चहा न घेता गेल्याचं तेवढं तिला सांगितलं. आपल्याच कानानं पोरीचं वाटोळं केलं! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या एसटीनं ते कोरेगावला निघाले. वाटेत सगळं बोलणं घोकून घेतलं. गरज पडली तर पाय धरायचे, एवढी तयारी ठेवली होती.

दारात हरणाबाई समोरून आल्या आणि यांनी वाकायच्या आत त्यांनीच हात जोडले. "पाव्हणं, आमाला माफी करा. आमचंच नाणं खोटं निघालं. दिग्यानं रातीच सगळं कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"आता माझ्या तोंडनं कशाला वदवता? पोर त्येचंच हाय म्हणाला."

हंबीरराव ओरडले. "आवं कुठलं पोर? तिला बोट लागली हुती!"

"झाकू नगासा आता. माझा दिग्या जल्मात कवा खोटं बोलला न्हाई." हरणाबाई डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या.

कोपऱ्यात उभ्या दिग्विजयची कॉलर हंबीररावांनी धरली. "लेका, तू तिला भेटलास कवा?"

"एकदाच मामा, बघाय आलो तवा. तुमी बी हुतासा."

"मग?"

"आई स्थळ मोडाय निघाली हुती. मला दुसरं काय सुचलं न्हाई." पोराचे डोळे भरून आले. "जे काय असंल ते असू दे, पर मला तीच पायजे."

"आरं पर तसलं काय न्हाईच मुळी! चल आत, आईला खरं सांग."

दिग्विजयचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "सांगतो की. पर मी माझं न्हाई म्हणालो की ती इचारणार, मग कुणाचं?"

हंबीररावांनी कॉलर सोडली आणि ओट्यावर बसले. खरं सांगावं तर स्थळ गेलं, गप्प बसावं तर पोरीची अब्रू. इतकं हताश त्यांना उभ्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. हरणाबाईंनी चहा दिला, पोरगी परतली की लग्न साखरपुड्यासकट आठ दिवसांत उरकायचं असं सांगितलं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा हातात ठेवला.

परतीच्या एसटीत दीपमालेचा फोन आला. "आप्पा, मोडलं का ओ?"

"न्हाई पोरी. पक्कं झालं."

पलीकडं हुंदका ऐकू आला. मग हसू. "कसं काय? तुमी समजावलंसा?"

"म्या कसलं समजावतोय. जावयानं लय जीव लावून केलं."

"व्हय? काय केलं त्यांनी?"

हंबीररावांनी मांडीवरच्या डब्याकडं बघितलं.

"जे केलं न्हाई," ते म्हणाले, "ते केलं म्हणून सांगितलं."