गुरुवारचं क्रीम

नंदकिशोर कारखान्याच्या टूलरूममध्ये होता, आणि टूलरूममधल्या माणसाला जगात काहीच अशक्य वाटत नाही. बुधवारी संध्याकाळी त्याने कासारवाडीच्या आपल्या चाळीत जाहीर करून टाकलं, "उद्या मृदुलाचा वाढदिवस! क्रीमचा केक! आणि क्रीम मी करणार, घरी! शाळा सुटल्यावर सगळ्यांनी यायचं!"

शेजारच्या शालनबाईंनी विचारलं, "क्रीम म्हणजे काय हो भाऊजी? तोंडाला लावतात ते?"

"छे हो! खायचं! क्रीम म्हणजे मलई, मलई म्हणजे साय. इंग्रजीत म्हटलं की महाग होतं, एवढंच!"

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि लाईट जायचा वार. त्याची बायको मृदुला शाळेत शिकवायला गेली आणि नंदकिशोरने आपल्या मित्राला, हरिहरला बोलावून घेतलं. हरिहर त्याच कंपनीत ड्रॉइंग काढायचा. बायकोच्या मासिकातली कृती तो पाठ करूनच आला होता. बेकरीतून आणलेला बोडका केक टेबलावर वाट बघत होता.

फडताळात सायीने गच्च भरलेली चिनी मातीची बरणी सापडली. ही साय विरजण लावून साठवलेली होती. रविवारच्या सत्यनारायणाच्या शिऱ्याला घरचं तूप हवं, मोशीहून तिची आई येणार, तिला विकतच्या तुपाचा वास लगेच कळतो, हे सगळं मृदुलाने त्याला दोनदा सांगितलं होतं. पण दोन्ही वेळा तो पेपर वाचत होता!

हरिहरने बोट बुडवून चाखलं. "नंदू, हे आंबट आहे रे."

"म्हणून तर साखर घालायची! पुढे काय?"

"घट्ट होईपर्यंत भराभर फेटावे."

"भराभर म्हणजे किती आरपीएम?"

"ते दिलेलं नाही."

"बघ! म्हणून लोकांचं क्रीम बिघडतं!"

नंदकिशोरने माळ्यावरून जुन्या बाजारात घेतलेलं विजेचं ड्रिल काढलं, रवीचा दांडा सुरीने तासून त्यात घट्ट बसवला आणि बटण दाबलं. घरात लेथ चालू झाल्यासारखा आवाज झाला आणि लगेच लाईट गेली. "गुरुवार!" दोघंही एकदम म्हणाले. रवी बरणीबाहेर काढून ते साय निरखत राहिले. बटण बंद करायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लाईट आली तेव्हा भिंत, छत आणि हरिहरचा चष्मा एकाच रंगाचे झाले!

पण नंदकिशोर मागे हटणारा नव्हता. त्याने रवी पुन्हा बरणीत घातली आणि थोड्या वेळात साय खरोखरच फुगली. पांढरीशुभ्र, मऊ, रवीला धरून उभी राहणारी!

"क्रीम!" हरिहर ओरडला. "थांब आता!"

"थांब काय? फिनिशिंग राहिलंय!"

फिनिशिंगनेच घात केला. साय एकाएकी बसली, रवाळ झाली, खाली पाणी सुटलं आणि वर गोळे तरंगायला लागले.

"फाटलं," हरिहर म्हणाला.

"दूध फाटतं. क्रीम कसं फाटेल?"

"मग ही मलई असेल."

"मलईला पाणी सुटतं?"

"मग सायच असेल. आपण उलटं तर नाही ना फिरवलं?"

नंदकिशोरने ड्रिल उलटसुलट करून पाहिलं. लोणी त्याने जन्मभर थालीपिठावर खाल्लं होतं. जन्माला येताना कधी पाहिलं नव्हतं. इतक्यात हरिहरने चष्मा पुसत विचारलं, "पण वहिनी एवढी साय कशासाठी साठवत होत्या रे?"

आता मात्र पेपरामागून ऐकलेलं सगळं नंदकिशोरला एकदम आठवलं. सत्यनारायण! शिरा! सासूबाई! लग्नाला वर्ष नाही झालं, आणि बायकोच्या वाढदिवशी तिचं तूप आपण नासवलं! त्याला खरंच रडू यायला लागलं. तेवढ्यात दार उघडलं. मृदुला, मागे शालनबाई, आणि त्यांच्या मागे वाट्या घेतलेली अख्खी चाळ!

मृदुलाने छताकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं, बरणीत डोकावून पाहिलं. "अहो, तुम्ही लोणी काढलंत?"

नंदकिशोरने हरिहरकडे पाहिलं. हरिहर केकची दिशा सोडून सगळीकडे बघत होता.

"हो," नंदकिशोर म्हणाला. "म्हणजे... काढलंच!"

मृदुलाचे डोळे भरून आले. "फळ्यावर लिहून लिहून खांदा धरलाय माझा. एवढी साय घुसळायची कशी, याचीच काळजी लागली होती. क्रीमचं नुसतं निमित्त होतं तर! तुमच्या लक्षात कसं आलं हो?"

"लक्ष असतं माझं," नंदकिशोर अगदी हळू म्हणाला.

शालनबाईंनी वाटीभर ताक पिऊन पाहिलं. "अगंबाई, ताक गोड कसं?"

"वाढदिवस आहे ना!" हरिहर घाईघाईने म्हणाला.

बोडका केक लोणी लावून सगळ्यांनी खाल्ला. रविवारचा शिरा असा झाला की सासूबाईंनी दोनदा मागून घेतला. नंदकिशोर आठवडाभर छाती काढून फिरला.

पुढच्या गुरुवारी भल्या सकाळी दार वाजलं. बाहेर शालनबाई उभ्या होत्या, सायीचं भांडं घेऊन. त्यांच्या मागे जिन्यापर्यंत रांग होती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आमचं साखर न घालता काढा हं!"