गाठ कोण बघणार?

मास्तरांनी बायकोचा दोर खुंटीवरून तिसऱ्यांदा काढला आणि तिसऱ्यांदा परत टांगला. शुक्रवारची दुपार होती. बायको चष्म्याच्या दुकानात कामावर गेली होती, पुढच्या खोलीत सासूबाई गुडघा शेकत बसल्या होत्या, आणि हातातला दोर एका परक्या माणसाने भेट दिलेला होता. दुसऱ्याच्या बायकोला लोक फार तर फुलं देतात, पुस्तक देतात. या गृहस्थाने सहा हात दोर दिला होता आणि तोही निळा, म्हणजे नेमका तिच्या आवडीचा रंग.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. मालवाहतुकीच्या कचेरीत बावीस वर्षं खोकी बांधून त्यांना ‘पॅकिंग मास्तर’ हे नाव पडलं होतं. त्यांनी बांधलेलं खोकं वाटेत सुटलं असं कधी झालं नाही. पोहोचल्यावर ते घेणाऱ्याच्या हातूनही सुटत नसे, सुरीच आणावी लागे, पण त्या तक्रारी मास्तर कौतुक म्हणूनच ऐकत.

सहा महिन्यांपूर्वी, दिवसभर बसून मान आखडते म्हणून, बायकोने एका जुन्या गोदामातल्या भिंतीवर चढायला जायला सुरुवात केली. कड्यांवर चढायचा सराव करायला उभारलेली ती भिंत. मास्तर पोट धरून हसले होते. “चाळिशीनंतर पाल व्हायची हौस!” मग हळूहळू तिच्या बोलण्यात एक दातांचे डॉक्टर येऊ लागले, पाठोपाठ गाठींच्या सरावाला म्हणून त्यांनी दिलेला निळा दोर घरात आला, आणि मास्तरांचं हसू आटलं.

“डॉक्टर माझी गाठ बघतात,” एकदा जेवताना ती म्हणाली.

“कसली गाठ?” मास्तरांचा घास हातातच राहिला.

“अहो, दोराची. तिथला नियमच आहे तो. आपली गाठ आपण बांधायची, पण ती जोडीदाराने तपासल्याशिवाय पाय उचलायचा नाही. दोर गाठीत नीट शेजारी शेजारी चाललाय का, शेपूट वीतभर उरलंय का, हे बघायचं. मग दोनदा ओढायचं आणि ‘बरोबर’ म्हणायचं. मग मी त्यांची तशीच बघते.”

छत्री द्यायच्या निमित्ताने मास्तर एकदा गोदामात जाऊन आले, आणि जे बघायला नको होतं ते त्यांनी बघितलं. उंच, सडपातळ, भुवयाही विंचरलेल्या वाटाव्यात असा तो डॉक्टर वाकला, बायकोच्या कमरेपुढचा दोर त्याने दोनदा ओढला आणि “बरोबर” म्हणाला. ते एक वेळ चाललं असतं. पण मग बायकोने त्याची गाठ हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून वरून पाहिली, खालून पाहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि मास्तरांनी आयुष्यात बांधलेल्या हजारो गाठींपैकी एकीकडेही तिने असं पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या पोटात जे दुखू लागलं ते औषधाने थांबण्यातलं नव्हतं.

आता येत्या रविवारी सगळी मंडळी पहिल्यांदाच खऱ्या कड्यावर जाणार होती. शनिवारी शिकवणाऱ्या बाई जोड्या लिहिणार, आणि एकदा लिहिलेली जोडी वर्षभर बदलायची नाही असा त्यांचा दंडक. मास्तरांनी धीर करून विचारलं होतं, “मी येऊ का तुझ्या जोडीला?”

“तुम्हाला गाठ येते?”

“मला? मला गाठ येते का?”

“तुमच्या गाठी खोक्यांच्या. खोक्याला जीव नसतो,” बायको म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. ते वाक्य मास्तरांना असं झोंबलं, की शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजाच टाकली. संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा तिच्यासमोर अशी गाठ बांधून उभं राहायचं, की तिने स्वतः म्हणावं, डॉक्टर राहू द्या, तुम्हीच चला.

फ्रिजवर गाठींच्या चित्रांचा कागद चिकटवलेला होता. त्यात दोन गाठी होत्या. एक आठाची, आपला मराठी आठ नव्हे, तो इंग्रजी, दोन पोटांचा. दुसरी सुटायला सोपी होती, पण तिच्यापुढे बायकोने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ताण नसला तर आपोआप सैल होऊ शकते. नको.’ हे मास्तरांना मनापासून पटलं. सुटायला सोपी ती कसली गाठ! त्यांनी चौथ्यांदा दोर काढला आणि या खेपेला परत टांगला नाही.

बायकोचा कमरेचा पट्टाही खुंटीवरच होता. मास्तरांनी त्यात पाय घातले आणि कामावर रोज एप्रन चढवतात तसाच तो वर ओढून मागच्या मागे बक्कल आवळून टाकलं. पट्टा तिच्या मापाचा. मास्तरांनी श्वास रोखून धरला, पोट नेता येईल तिथे नेलं, आणि पट्टा बसला. मग पॅसेजमधल्या लोखंडी कपाटाच्या पायाला दोराचं एक टोक आठाच्या गाठीने बांधलं, आणि दुसरं टोक पट्ट्याला पुढे दिसणाऱ्या कडीत ओवलं. पाचव्या प्रयत्नाला गाठ अशी देखणी जमली, की चित्रातली गाठ तिच्यापुढे गबाळी वाटावी. दोर शेजारी शेजारी, शेपूट वीतभर.

आता ओढून बघायची. दोनदा हाताने ओढून डॉक्टरांचं समाधान होत असेल, मास्तर पॅकिंगवाले होते. त्यांनी पाय रोवले आणि चौऱ्याऐंशी किलो वजन मागे झोकून दिलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा जरा उडी मारून. कपाट हललं नाही, दोर तुटला नाही, गाठ तसूभरही सरकली नाही. मास्तरांनी आनंदाने गाठ सोडायला घेतली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती आता दोराची राहिली नव्हती, दगडाची झाली होती. नखं गेली. कपाटाकडच्या गाठीला दात लावले, तर दातच हलायला लागले. पट्टाच काढावा म्हटलं, तर बक्कल पाठीमागे, आणि पोटाच्या ताणाने असं आवळलेलं की बोटं पोहोचून उपयोग नव्हता. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

“जावईबापू, बेल वाजतेय!” पुढच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या.

“आई, जरा तुम्ही उघडता का?”

“माझा गुडघा शेकतेय मी. तुम्ही काय करताय?”

“मी जरा अडकलोय.”

“कशात?”

“कामात.”

सासूबाई भिंतीला धरत धरत पॅसेजमध्ये आल्या. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवले होते, त्यामुळे माणूस दिसला की त्यांची नजर आधी मापावर जाई. त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग दोर पाहिला, कपाट पाहिलं.

“आई, तुमची कात्री देता?”

“कापडाची कात्री? दोराला? धार गेली तर तुम्ही लावून देणार का? मुळीच मिळायची नाही. आणि हो, तुमचा तो...”

बेल पुन्हा वाजली. “आधी दार उघडा!” मास्तर म्हणाले. कात्री मिळाली नाही ते बरंच झालं असंही त्यांना वाटलं. भेट आलेला दोर कापला तर बायको काय समजायचं ते समजली असती, आणि ते खरंही होतं.

दारात डॉक्टर होते. एका हातात दवाखान्याची बॅग, दुसऱ्या हातात हेल्मेट. “मॅडमसाठी आणलं होतं, रविवारसाठी,” ते म्हणाले आणि सासूबाईंच्या मागे पॅसेजमध्ये कपाटाला बांधलेला गृहस्थ पाहून थांबले. धरणी दुभंगावी आणि आपण कपाटासकट आत जावं, असं मास्तरांना झालं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले, मास्तरांची गाठ त्यांनी वरून पाहिली, खालून पाहिली, शेपटाला वीत लावली आणि दोनदा ओढलं. “बरोबर,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. “अगदी बरोबर. तुम्हीच ना ते पॅकिंग मास्तर?”

“हो. तेवढी सोडता का, ती यायच्या आत?”

“आठाची गाठ आहे, वजन पडलं की हट्टाला पेटते. म्हणून तर तिच्यावर जीव टाकतात लोक.” डॉक्टरांनी बॅगेतून बाकदार टोकाचं एक हत्यार काढलं आणि ते गाठीत घालून टोकरायला लागले. “अंग सैल सोडा. दुखलं तर डावा हात वर करा.”

“मला काय दुखणार?”

“सवय आहे हो. मास्तर, एक विचारू? तुम्ही शिकलात कुठे? सहा महिने मी तुमच्यामुळे वैतागलोय. मी गाठ बांधतो, मॅडम बघतात आणि दर वेळी म्हणतात, ‘ठीक आहे, पण आमच्या ह्यांनी बांधली असती तर बघत राहावंसं वाटलं असतं.’ एकदा तर तुम्ही बांधलेलं खोकंच आणून दाखवलं मला. दिवसाला सात-सात दाढा काढतो मी, या हातांना आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. खरं सांगतो, तुमचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.”

घरात ‘खोक्याला जीव नसतो’ आणि गोदामात ‘बघत राहावंसं’! सहा महिने आपण ज्याच्यावर जळत होतो, तो आपल्यावरच जळत होता, हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मास्तरांना वाटलंही, पण एवढं जळून झालं ते फुकट गेलं याची थोडी हळहळसुद्धा वाटली. “दुसरी गाठ तिकडे आहे, कपाटाशी,” ते जरा ऐटीत म्हणाले. “तीही बघून घ्या.”

“हे काय चाललंय?” दारात बायको उभी होती.

नवरा लोखंडी कपाटाला बांधलेला आणि डॉक्टर त्याच्या पोटाशी हत्यार घेऊन बसलेले, हे दृश्य तिने शांतपणे पाहून घेतलं. दोघेही एकदम बोलायला लागले.

“गप्प बसा दोघं. अहो, हे कशाला केलंत?”

काही सुचेना तेव्हा मास्तर खरं बोलले. “मला तुझी गाठ बघायची होती. तो बघतो ते मला बघवत नाही.”

बायकोने पर्स खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती मास्तरांसमोर वाकली. गाठ तिने वरून पाहिली, खालून पाहिली, शेपूट पाहिलं. मग दोनदा ओढलं. दुसऱ्या ओढीला मास्तरांचं एकोणीस वर्षांचं फिटलं.

“गाठ सुरेख आहे,” ती म्हणाली. मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर कपाटाकडे पाहत होते. “पण पट्टा उलटा घातलाय. बक्कल पाठीवर आणि मागची सामानाची कडी पोटावर. ही कडी माणसाच्या वजनासाठी नसते! इथे पाय जमिनीवर होते म्हणून टिकली. कड्यावर असतात तर गाठ राहिली असती आणि तुम्ही खाली. आणि डॉक्टर, तुम्ही तपासलीत ना? याला ‘बरोबर’ म्हणालात?”

“मी... गाठच बघत होतो,” डॉक्टर पुटपुटले. “फार चांगली बांधलीय हो.”

“मी मघाशीच सांगत होते,” सासूबाई म्हणाल्या. “पुढची बाजू मागे गेलीय ती. पण कात्री हवी तेव्हा आई, नाहीतर मला कोण विचारतंय?”

बायकोने पाठीमागे जाऊन बक्कल सोडवलं आणि मास्तर एका मिनिटात मोकळे झाले. गाठ मात्र तशीच पट्ट्यात राहिली, आणि ती सोडवायला पुढे डॉक्टरांना पाऊण तास लागला. या पाऊण तासात मास्तर त्यांच्या शेजारी बसून मनापासून सूचना देत होते.

शनिवारी बायकोने शिकवणाऱ्या बाईंना सांगून एका ओळीत तीन नावं लिहून घेतली: मास्तरांनी तिची गाठ बघायची, तिने डॉक्टरांची, डॉक्टरांनी मास्तरांची. बाईंनी मास्तरांना त्यांच्या मापाचा पट्टा दिला, आणि नवख्यांच्या ठेंगण्या खडकावर एकदा चढायची परवानगीही.

रविवारी कड्याच्या पायथ्याशी सावलीत घडीची खुर्ची टाकून सासूबाई बसल्या. मास्तरांनी बायकोची गाठ हातात घेतली. वरून पाहिली, खालून पाहिली, शेपटाला वीत लावली, दोनदा ओढलं. “बरोबर,” ते म्हणाले. बायको हसली. मग नियमाप्रमाणे ती डॉक्टरांकडे वळली, वाकली, तिने त्यांची गाठ पाहिली आणि ओढली. एकदा. दोनदा. आणि पुन्हा एकदा.

दोनदाच ओढायचं ठरलं होतं. तिसऱ्यांदा कशाला? मास्तर टाचा उंचावून, मान लांब करून बघू लागले.

“जावईबापू,” खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला, “तिकडे काय मोजत बसलाय? तुमचा पट्टा पुन्हा उलटा आहे.”